फलाटावरचा इंडिकेटर पुसट का दिसतो?

विशी-तिशीतल्या अनेक वाचकांनी या वेळी जवळपास एकच तक्रार कळवली आहे. चष्म्याचा नंबर नाही, किंवा आहे तो बरोबर आहे, तरीही मोबाइलवरून मान वर केली की नजर पटकन बसत नाही. यातल्या निवडक प्रश्नांना आमच्या सदरातले नेत्रतज्ज्ञ आणि ऑप्टोमेट्रिस्ट (डोळ्यांचा नंबर आणि फोकस तपासणारे) यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वय २३. डोंबिवलीहून रोज लोकलने कामाला जातो. तासभर मोबाइल बघून उतरलो की फलाटावरचा इंडिकेटर पुसट दिसतो. दहा-पंधरा सेकंदांनी अक्षरं स्पष्ट होतात. डोळे तपासले, ६/६ आले. मग हे काय आहे?

तुमची नजर चांगली आहे. अडचण येते ती फोकस बदलताना. डोळ्यातलं भिंग बारीक तंतूंनी एका गोल स्नायूला टांगलेलं असतं. या स्नायूला सिलियरी स्नायू म्हणतात. दूर पाहताना तो सैल असतो, त्यामुळे तंतू ताणलेले राहतात आणि भिंग चपटं राहतं. जवळचं पाहायचं झालं की स्नायू आवळतो, तंतू ढिले पडतात आणि भिंग फुगीर होतं. दूर पाहताना डोळ्याला आराम असतो, कष्ट पडतात ते जवळचं पाहताना.

हे कष्ट मोजता येतात. वस्तू डोळ्यापासून जितके सेंटिमीटर दूर असेल, त्या आकड्याने १०० ला भागायचं. उत्तर डायॉप्टरमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर ज्या एककात मोजतात त्यात, येतं. ४० सेंटिमीटरवरच्या पुस्तकाला अडीच डायॉप्टर फोकस लागतो, ३३ सेंटिमीटरवरच्या मोबाइलला तीन आणि २० सेंटिमीटरवर पाच. सहा मीटरवर हा आकडा जवळजवळ शून्य होतो. आता गर्दीच्या डब्यातलं तुमचं उभं राहणं डोळ्यांपुढे आणा. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्याचं कोपर बरगडीला चिकटलेलं, पुढ्यात कुणाची तरी बॅग. मोबाइल २० सेंटिमीटरच्या पुढे जाणार कसा? पुस्तकाला लागतो त्याच्या दुप्पट फोकस डोळा तासभर एकसारखा धरून ठेवतो. त्यात डबा हलत असतो, अक्षरं थरथरतात, म्हणून मोबाइल नकळत आणखी जवळ येतो.

तरुण डोळ्यात जवळून दूर फोकस जायला साधारण एक सेकंद पुरतो. पण स्नायू बराच वेळ आवळलेला असेल तर तो पूर्ण सुटत नाही. पाव ते अर्धा डायॉप्टर ताण मागे राहतो आणि तेवढ्या काळापुरता डोळा हलक्या मायनस नंबरासारखा वागतो. इंडिकेटर पुसट दिसतो तो यामुळे. काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात हा ताण उतरतो. ज्यांना आधीच मायनस नंबर आहे त्यांच्यात तो अधिक रेंगाळतो. घाबरण्यासारखं यात काही नाही, पण डोळ्यावर भार जास्त होतोय एवढं ते नक्की सांगतं.

आता करायचं काय? मूठ वळून गालावर टेकवा. कोपर जिथे येतं, त्याच्या अलीकडे मोबाइल आणू नका. प्रौढ माणसात हे अंतर साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर भरतं, आणि मोजायला पट्टी लागत नाही. गर्दीत एवढी जागा मिळत नसेल तर तेवढा वेळ वाचू नका, कानाने ऐका. गाडी स्टेशनात थांबली की फलाटाच्या टोकाकडे पाहा आणि तिथला एखादा फलक खरोखर वाचा. नुसतं शून्यात पाहिलं तर स्नायू सुटेलच असं नाही. दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडे, २० सेकंद पाहावं हा नियम अमेरिकेतले ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अँशेल यांनी रूढ केला. तिन्ही ठिकाणी वीसच आहे ते लक्षात राहावं म्हणून. तुमच्या प्रवासात दर स्टेशनाला पाहिलंत तर तो आपोआप पाळला जातो.

अक्षरांचा आकार हा इथला खरा कळीचा मुद्दा आहे. बारीक अक्षरं मोबाइलला जवळ ओढतात. मोबाइल ३५-४० सेंटिमीटरवर धरा, मग हात पूर्ण लांब करा. तरीही मजकूर वाचता आला तर अक्षरं पुरेशी मोठी आहेत. नाही आला तर सेटिंगमध्ये जाऊन एक-दोन पायऱ्या वाढवा. काही आयफोनमध्ये २०२३ च्या आयओएस १७ पासून अशी सोय आहे की मोबाइल बराच वेळ ३० सेंटिमीटरहून जवळ राहिला तर तो स्वतःच सूचना देतो. ती सुरू करून ठेवावी.

पुसटपणा दोन-तीन मिनिटांहून जास्त टिकू लागला, किंवा सकाळी उठल्या उठल्याही दूरचं पुसट दिसू लागलं, तर पुन्हा तपासून घ्या.

प्रश्न : वय २७, नाशिक. फोकस करण्याची ताकद घरी मोजता येते का? माझ्या वयाला ती किती हवी?

अंदाज घेण्यापुरती येते. औषधाच्या गोळ्यांची पट्टी, शिवणकामाची टेप आणि चांगला उजेड एवढंच लागेल. दूरचा चष्मा असेल तर तो लावूनच मोजा. काढून मोजलंत तर मायनस नंबरवाल्यांना ताकद भरपूर असल्यासारखी वाटते आणि सगळा हिशेब चुकतो. डावा डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका. टेपचं टोक उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी धरायला कुणाला तरी सांगा. पट्टीवर छापलेली मुदतीची तारीख ४० सेंटिमीटरवरून हळूहळू डोळ्याकडे आणा. अक्षरांच्या कडा पहिल्यांदा विस्कटतात आणि प्रयत्न करूनही पुन्हा जुळत नाहीत, तिथे थांबा. 'अजिबात वाचता येत नाही' इथपर्यंत जायचं नाही, लोक हमखास चुकतात ते इथेच. तीनदा मोजून सरासरी काढा, मग दुसरा डोळा.

१०० ला त्या सेंटिमीटरने भागलं की ताकद मिळते. ती कमीत कमी किती हवी यासाठी अमेरिकी ऑप्टोमेट्रिस्ट हेन्री हॉफस्टेटर यांचं सूत्र आजही वापरतात : १५ मधून वयाचा पाव भाग वजा करा. विसाव्या वर्षी १० डायॉप्टर, म्हणजे अक्षरं १० सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसायला हवीत. तुमच्या सत्ताविसाव्या वर्षी सव्वाआठ, म्हणजे साधारण १२ सेंटिमीटर. अक्षरं १६ सेंटिमीटरवरच फुटायला लागली तर ताकद किमान पातळीपेक्षा दोन डायॉप्टरने कमी आहे, आणि तेव्हा तपासणी करून घ्यायलाच हवी. दोन डोळ्यांत ठळक फरक आला तरीही दाखवा.

या आकड्यांचा रोजचा उपयोग वेगळाच आहे. दीर्घकाळ आरामात काम करायचं तर एकूण ताकदीतली निम्मी राखीव राहिली पाहिजे. सव्वाआठची निम्मी झाली चार. चार डायॉप्टर म्हणजे २५ सेंटिमीटर. याहून जवळ धरलेला मोबाइल तुमची राखीव पुंजी खातो, आणि हे अगदी निरोगी डोळ्यातही होतं.

घरच्या मोजणीत दोन उणिवा राहतात. अक्षर जवळ येताना मोठं दिसतं, त्यामुळे ताकद खरीपेक्षा थोडी जास्त भरते. आणि या पद्धतीने ताकद कळते, चपळाई कळत नाही. ताकद पुरेशी पण फोकस बदलायला उशीर, असेही डोळे असतात. चपळाई मोजायला ऑप्टोमेट्रिस्टकडे 'फ्लिपर' असतो. एका दांड्यावर एका बाजूला अधिक दोनची आणि दुसऱ्या बाजूला उणे दोनची भिंगं. ४० सेंटिमीटरवरची बारीक अक्षरं स्पष्ट झाली की दांडा उलटायचा, पुन्हा स्पष्ट झाली की पुन्हा उलटायचा. दोन्ही बाजू मिळून एक फेरी. तरुणांमध्ये एका डोळ्याने मिनिटाला सुमारे ११ आणि दोन्ही डोळ्यांनी ८ फेऱ्या अपेक्षित असतात. 'नंबर नाही' एवढंच ऐकून बाहेर पडू नका. मोबाइलनंतर त्रास होतो हे स्पष्ट सांगा आणि फोकसची ताकद व चपळाई दोन्ही तपासायला सांगा. हे मागायला संकोच करायचं कारण नाही. नेहमीच्या नंबर तपासणीत या चाचण्या बहुधा नसतात.

प्रश्न : वय २२, पुणे. स्पर्धा परीक्षेची तयारी करते. अभ्यासिकेत दहा तास असते, निम्मा अभ्यास मोबाइलवरच्या पीडीएफमधून. दूरचं पुसट दिसू लागलं म्हणून दुकानात मशीनवर नंबर काढला, उणे ०.७५ आला. चष्मा लावल्यापासून डोकं जास्तच दुखतं. नंबर चुकला असेल का?

शक्यता आहे, आणि ती आधी तपासून पाहणं फार गरजेचं आहे. वर सांगितलेला स्नायू दिवसचे दिवस आवळलेला राहिला तर कधी कधी सुटेनासा होतो. डोळा कायम जवळच्या फोकसवर अडकतो, दूरचं पुसट दिसतं आणि मशीन त्याला मायनस नंबर म्हणून नोंदवतं. त्यात मशीनच्या आत डोकावताना चित्र जवळ आहे असं वाटून डोळा आणखी थोडा फोकस लावतो, म्हणून तरुणांमध्ये मशीनचा आकडा मायनसकडे झुकतो. मशीनचा आकडा ही सुरुवात असते. त्यावरून थेट चष्मा करायचा नसतो.

आता असा खोटा मायनस चष्मा लावला तर काय होतं? नंबर मुळात शून्य असेल तर उणे ०.७५ ची काच लावल्यावर प्रत्येक अंतरावर पाऊण डायॉप्टर जास्त फोकस लागतो. ३३ सेंटिमीटरवर तीनऐवजी पावणेचार. स्नायू अधिक आवळतो, डोकं दुखतं, आणि काही महिन्यांनी नंबर 'वाढलेला' दिसतो.

नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि थेंब टाकून नंबर काढायचा आहे असं सांगा. साधारणपणे सायक्लोपेंटोलेटचे थेंब वापरतात. ते सिलियरी स्नायूला काही तासांपुरतं सैल करतात. थेंबांनंतर पाऊण तासाने खरा नंबर कळतो. त्या दिवशी बाहुली मोठी राहते, ऊन झोंबतं आणि जवळचं वाचता येत नाही. परिणाम पूर्ण उतरायला २४ तासही लागू शकतात. त्यामुळे परीक्षेच्या किंवा चाचणीच्या आदल्या दिवशी जाऊ नका, दुचाकी नेऊ नका, सोबत कुणीतरी असू द्या.

थेंबांनंतर उणे ०.७५ च आला तर नंबर खरा, चष्मा वापरा, डोकेदुखीचं कारण दुसरीकडे शोधू. शून्य आला तर तो चष्मा बाजूला ठेवायचा. तिसरीही शक्यता आहे : अधिक एक, अधिक दीड असा दडलेला प्लस नंबर निघतो. तरुण स्नायू तो वर्षानुवर्षं झाकून ठेवतो आणि अभ्यासाचे तास वाढले की थकतो. अशांना प्लसचा चष्मा दिल्यावर फार लवकर बरं वाटतं. स्नायू अडकलेलाच असेल तर काही काळ थेंब किंवा जवळच्या कामापुरती प्लसची काच देतात, पण हे ठरवायचं डॉक्टरांनी. औषधाच्या दुकानातून असे थेंब स्वतः आणून टाकणं धोक्याचं आहे.

आणि त्या पीडीएफविषयी. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर. साडेसहा इंची मोबाइलच्या पडद्याची रुंदी जेमतेम सात. पूर्ण पान बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं होतं, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींच्या अक्षरांपेक्षाही बारीक. ते वाचायला डोळा १८-२० सेंटिमीटरवर जातो, दुसरा मार्गच नसतो. मोबाइल आडवा केला तर तेच अक्षर साडेआठ पॉइंटचं होतं. तेवढा एक बदल आजच करा. लॅपटॉप असेल तर ६० सेंटिमीटरवर ठेवून वाचा, फोकस दोन डायॉप्टरच्या आत येतो. जे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचायचं आहे त्याची सरळ झेरॉक्स काढा.

प्रश्न : निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ का? आणि डार्क मोड चांगला का?

या चष्म्यावर पैसे घालवू नका. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध प्रयोग एकत्र तपासले. पडद्यासमोरचा डोळ्यांचा थकवा अशा काचांनी कमी होतो असं त्यातून दिसलं नाही. तसं होणं साहजिकही आहे, कारण हा थकवा येतो तो अंतरामुळे, सलग पाहण्यामुळे आणि पापण्या कमी मिटण्यामुळे. काचेचा रंग बदलून यातलं काहीच बदलत नाही.

डार्क मोड अंधाऱ्या खोलीत सोयीचा वाटतो. पण पडदा काळा असला की बाहुली मोठी होते आणि फोकसमधली लहानशी चूकही जाणवते. सिलिंडर नंबर असलेल्यांना पांढऱ्या अक्षरांना शेपट्या फुटल्यासारखं दिसतं. दिवसा पांढऱ्यावर काळं वाचा. मोबाइलशेजारी एक कोरा कागद धरा आणि पडदा त्या कागदाइतकाच उजळ ठेवा, दिव्यासारखा झगझगीत नको.

प्रश्न : रात्री कुशीवर झोपून मोबाइल बघते. थोड्या वेळाने एका डोळ्याने पुसट दिसतं. एकदा तर दिवा बंद केल्यावर एका डोळ्याने काहीच दिसेना. घाबरले.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुशीवर असताना मोबाइल एका डोळ्याला २० आणि दुसऱ्याला २६ सेंटिमीटर असा पडतो. एकाची गरज पाच डायॉप्टर, दुसऱ्याची चारच्याही आत. पण मेंदू दोन्ही डोळ्यांना फोकसचा एकच हुकूम देतो, वेगवेगळा देत नाही. म्हणून एक डोळा कायम चुकीच्या फोकसवर राहतो आणि थकवा लवकर येतो.

दुसरा प्रकार वैद्यकीय नियतकालिकात २०१६ मध्ये नोंदवला गेला आहे. लंडनमध्ये दोन स्त्रियांची अशीच तक्रार होती. एक डोळा उशीत दबलेला असतो, तो अंधाराला सरावतो. उघडा डोळा पडद्याच्या उजेडाला सरावतो. मोबाइल बंद केला की उजेडाला सरावलेल्या डोळ्याला अंधारात काही मिनिटं दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं, आणि नजर गेल्यासारखं वाटतं. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की हे होत नाही. मात्र उजेडात, बसलेलं असताना, मोबाइल हातात नसताना एका डोळ्यासमोर अंधारी आली तर तो वेगळा आणि तातडीचा आजार असू शकतो. त्या वेळी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : फोकस सुधारायला डोळ्यांचे कोणते व्यायाम करावेत? इंटरनेटवर बुबुळं गोल फिरवायला सांगतात.

बुबुळं फिरवल्याने डोळ्यांबाहेरचे स्नायू हलतात. फोकसचा स्नायू डोळ्याच्या आत आहे, त्याला त्याने व्यायाम होत नाही. तळवे चोळून डोळ्यांवर ठेवल्याने बरं वाटतं, ते जरूर करा. फोकसची चपळाई वाढवायची तर फोकसच बदलावा लागतो.

घरी करण्याजोगा एक प्रकार असा. भिंतीवरचं तारखांचं कॅलेंडर तीन मीटरवर असू द्या, आकडे सहज वाचता येतील असं. हातात एक छापील कागद ४० सेंटिमीटरवर धरा. दूरचा चष्मा असेल तर लावा. एक डोळा झाका. कॅलेंडरवरची एक तारीख वाचा, ती पूर्ण स्पष्ट झाली की कागदावरचा एक शब्द वाचा, तो पूर्ण स्पष्ट झाला की पुन्हा कॅलेंडर. स्पष्ट होण्याआधी पुढे उडी मारली तर व्यायाम वाया जातो. प्रत्येक डोळ्याने दोन मिनिटं, मग दोन्ही उघडून दोन मिनिटं. आठवड्याने कागद ३० सेंटिमीटरवर आणा, जमलं तर पुढे २० वर. दिवसातून दोनदा पुरे. सुरुवातीला कपाळ थोडं ओढल्यासारखं वाटतं. दुखू लागलं तर थांबा. आणि दहा तास जवळचं काम झाल्यावर रात्री हे करू नका, थकलेल्या स्नायूला आणखी थकवून काही मिळत नाही. ज्यांचा स्नायू आवळून अडकला आहे, म्हणजे वर पुण्याच्या प्रश्नात सांगितली तशी स्थिती आहे, त्यांनी तपासणीआधी व्यायाम सुरूच करू नयेत.

जवळ पाहताना डोळे आतही वळतात. ते वळणं कमजोर असेल तर ओळी सरकतात, शब्द दोन-दोन दिसतात. पेन्सिलचं टोक दोन्ही डोळ्यांच्या मधोमध नाकाकडे आणा. ते दहा सेंटिमीटरच्या आधीच दोन दिसू लागलं तर ही बाजू तपासून घ्या. घरच्या घरी पेन्सिल नाकाकडे आणण्याचा व्यायाम सर्रास सांगितला जातो. पण अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १२ आठवडे दवाखान्यात देखरेखीखाली केलेल्या उपचाराने सुमारे ७३ टक्के मुलं सुधारली. घरी नुसती पेन्सिल वापरणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४३ टक्के होतं, खोट्या उपचाराच्या गटात ३५. डोळे वळवण्याची अडचण निघाली तर शिकवणारा ऑप्टोमेट्रिस्ट शोधा, एकट्याने महिनोन्‌महिने पेन्सिल हलवत बसू नका.

प्रश्न : वय २५, बंगळूर. उणे पाचचा चष्मा सोडून कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. दूरचं सुंदर दिसतं, पण मोबाइल वाचताना डोळे आधीपेक्षा लवकर थकतात. लेन्सचा नंबर जास्त झाला का?

नंबर एकदा पडताळून घ्या, पण तो बरोबर असूनही असं होतं. मायनसची काच डोळ्यापासून सव्वा सेंटिमीटर दूर असते तेव्हा ती जवळच्या कामात फोकसची थोडी गरज वाचवते. शिवाय दोन्ही डोळे आत वळले की काचेचा कडेचा भाग प्रिझमसारखा काम करून वळणंही सोपं करतो. लेन्स थेट बुबुळावर बसते, ही दोन्ही मदत जाते. उणे पाचला ३३ सेंटिमीटरवर सुमारे एक तृतीयांश डायॉप्टर जास्त फोकस लागतो. मोबाइल पाच सेंटिमीटर लांब नेलात की तो भरून निघतो. चष्मा काढून मोबाइल वाचायची सवय असेल तर तुम्हाला हा बदल फारच मोठा वाटेल, कारण त्या वेळी तुमचा डोळा फोकसचे काही कष्टच घेत नव्हता.

आणखी एक बघा. पुसट झालं की सावकाश, पूर्ण पापण्या दोनदा मिटा. लगेच स्पष्ट झालं तर दोष कोरडेपणाचा, फोकसचा नाही. एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास मिटणाऱ्या पापण्या पडद्यासमोर पाच-सहावर येतात आणि त्यातल्याही कित्येक अर्ध्याच मिटतात. लेन्सवर अश्रूंचा थर सुकतो. एसीचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर आधी तो वळवा.

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा आहे. एवढ्या मोबाइलने त्याला चाळिशी लवकर लागेल का?

नाही. चाळिशी येते ती भिंग वयोमानाने कडक होत गेल्यामुळे, स्नायू झिजल्यामुळे नव्हे. मोबाइलमुळे येणारा फोकसचा थकवा उतरतो. चोवीसाव्या वर्षी जवळचं दिसेनासं झालं तर त्याला चाळिशी समजून तयार प्लसचा चष्मा आणून देऊ नका. थेंब टाकून तपासा.

प्रश्न : गेल्या महिन्यापासून दूरच्या वस्तू दोन दिसतात. मित्र म्हणतो मोबाइल कमी कर, जाईल.

एक डोळा झाकून पाहा. तरीही दोनच दिसत असतील तर कारण बहुधा नंबरात, कोरडेपणात किंवा भिंगात असतं. झाकल्यावर एक दिसत असेल तर दोन डोळे एका रेषेत नाहीत. फार जवळून, फार वेळ मोबाइल पाहणाऱ्यांत डोळा आत वळल्याची उदाहरणं आहेत. कोरियातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये ७ ते १६ वयाच्या १२ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. ती रोज चार तासांहून जास्त वेळ, ३० सेंटिमीटरहून जवळून मोबाइल पाहत होती. मोबाइल थांबवल्यावर तिरळेपणा कमी झाला, तरी काहींना शस्त्रक्रिया लागली. पण दुहेरी दिसण्यामागे मज्जातंतूचा किंवा मेंदूचा आजारही असतो, आणि लक्षण तेच असतं. त्यामुळे मोबाइल कमी करून वाट पाहायची नाही. या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञांना भेटा. सोबत डोकेदुखी, उलटी, पापणी खाली येणं किंवा तोल जाणं असेल तर आजच रुग्णालयात जा.

प्रश्न : वय २६, कोल्हापूर. महिन्यातले दोन-तीन दिवस मोबाइल वाचताच येत नाही, अक्षरं विरघळतात. एरवी ठीक असते.

पाळीच्या दिवसांत पोटदुखीची गोळी घेत असाल तर पट्टीवर मागे लिहिलेली घटकांची नावं वाचा. त्यात डायसायक्लोमीन असेल तर बहुधा तेच कारण. हे औषध पोटातल्या स्नायूंचे पेटके सोडवतं, आणि त्याच मार्गाने डोळ्यातला फोकसचा स्नायूही काही तास ढिला करू शकतं. तोंड कोरडं पडत असेल तर संशय आणखी बळावतो. सर्दीच्या आणि प्रवासात मळमळ थांबवणाऱ्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यांनीही असं होतं. नैराश्याची औषधं मात्र स्वतःहून बंद करू नका. गोळी कधी घेतली आणि पुसट कधी झालं, हे दोन महिने वेळेसकट लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना ती नोंद आणि गोळ्यांची रिकामी पट्टी दोन्ही न्या, पोटदुखीसाठी ते दुसरी गोळी देऊ शकतील.